बाहेर हो, रोसमारी

नवरा आपल्या बायकोला जन्मभरात सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द म्हणतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. रोसमारी लांझनेही ठेवली नव्हती. पण तिला विचाराल तर ती एका दमात सांगेल: "बाहेर!"

गैरसमज नको. एर्विन लांझ हा बायकोला घराबाहेर काढणाऱ्यांतला नव्हे. गरीब माणूस, स्वतःचाच आवाज चढला तर दचकणारा. बाहेर म्हणजे फोटोच्या बाहेर. थून गावात त्याचं फोटोचं दुकान होतं, आणि दर वर्षी एका छापखान्यासाठी तो देशाचं कॅलेंडर करायचा. बारा महिने, बारा फोटो: तटबंदीची गावं, दगडी पूल, लाकडी घरं, कुरणं. त्यासाठी वर्षातून चार-पाचदा गाडी काढून हिंडायचं, आणि रोसमारी बरोबर असायचीच. ती नसती तर एकही फोटो धड निघाला नसता, आणि हे मी तिचं कौतुक करायचं म्हणून सांगत नाही.

कॅमेरा जुन्या घाटणीचा, चांगला पेटीएवढा. तिपाईवर चढवायचा आणि मागून काळ्या कापडात डोकं घालायचं. आत घासलेल्या काचेवर अख्खं गाव दिसे, तेही उलटं, छपरं खाली आणि रस्ता वर. ते स्पष्ट करायचं तर नजर अडकायला काहीतरी हवं. नुसत्या भिंतीवर आणि गवतावर आपली नजर ठरत नाही, असं एर्विनचं म्हणणं. म्हणून रोसमारी चित्राच्या ऐन मध्यात जाऊन उभी राहायची आणि चौकड्यांचा हातरुमाल छातीशी ताणून धरायची. एर्विन काचेला भिंग लावून स्क्रू फिरवत राहायचा. रुमालाचा चौकडा न चौकडा मोजता आला की कापडातून हाक यायची, "बाहेर!" रोसमारी चालत बाहेर. मग तो खाली मान घालून फिल्म चढवणार, शटरची तार दाबणार, खट्. फोटोत गाव राहायचं आणि रोसमारी कडेला, रुमालाची घडी घालत.

शिवाय वरकामं होतीच. खिडक्यांत हवेला टाकलेल्या रजया आत घ्यायला लोकांना विनवायचं, सायकली हलवायच्या, कोंबड्या हाकलायच्या. एकतीस वर्षं तिने हे हसत केलं. "माझा नवरा मला रोज बघतो," ती म्हणायची, "पण उलटी."

हे हसणं एका नोव्हेंबरात आटलं. चर्चच्या बायकांच्या बैठकीत ती दर वर्षी नवी कॅलेंडरं वाटायची. तिथे शेजारच्या झ्बिंडनबाई पानं उलटत म्हणाल्या, "काय हो फिरतात तुमचे यजमान! तुम्हाला घरी एकटीला कंटाळा येत असेल, नाही?"

रोसमारीला तोंडात मारल्यासारखं झालं. "मी बरोबर असते," ती म्हणाली.

"हो का?" झ्बिंडनबाई म्हणाल्या, आणि ज्या सुरात म्हणाल्या तो सूर मला इथे लिहून दाखवता आला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

त्या संध्याकाळी रोसमारीने कपाटातून एकतीस कॅलेंडरं काढली आणि पान न पान पाहिलं. गाई होत्या. बकऱ्या होत्या. एका ऑगस्टात कुणाचं तरी मांजर खिडकीत आरामात बसलं होतं. ती स्वतः कुठे म्हणता कुठे नव्हती. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि पानामागून पान उलटत बघणं वेगळं. तिने कॅलेंडरं परत ठेवली आणि बटाटे चिरायला घेतले.

मग जुलैत छापखान्याचं पत्र आलं. यंदाचं कॅलेंडर एर्विनचं शेवटचं. पुढच्या वर्षीपासून एक तरुण माणूस हेलिकॉप्टरमधून फोटो काढणार होता. एर्विनने पत्र वाचलं, घडी घातली, "बरं," म्हणाला, आणि दोन तास कॅमेऱ्याचं पितळ पुसत बसला. त्या वर्षीचा उन्हाळा पावसात गेला होता, तीन पानं अजून राहिली होती. सप्टेंबरात तीन दिवसांची फेरी ठरली. सँ-उर्सान, मुर्टन आणि ट्रूबकडचं एक शेतघर.

तीन फोटो, की कॅमेरा कायमचा दुकानाच्या काचेत. रोसमारीला त्यातल्या एकात असायचं होतं. बस, एवढंच. पण मागायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. मागून काय, फोटो स्टेशनवरच्या यंत्रातही निघतो. त्याला आपणहून सुचायला हवं. सुचायला थोडी मदत व्हावी म्हणून तिने एक लाल लोकरी जॅकेट घेतलं, चांगलं ठसठशीत लाल. आंधळ्याला दिसेल असं, दुकानातली मुलगी म्हणाली होती.

सँ-उर्सानला सकाळी सातला पुलाजवळ गाडी उभी राहिली. नदीवर धुकं होतं. एर्विनने तिपाई लावली, मान वर केली आणि थबकला.

"हे काय घातलंस?"

"जॅकेट."

"लाल?"

"लाल," रोसमारी म्हणाली. तिने जरा वळून दाखवलं.

"काढून ठेव ना. ऊन आलं की दगडावर लाली मारतं ते."

तिने काढलं. काय करणार! नुसत्या ब्लाउजवर, दात वाजवत, ती आधी पलीकडच्या म्हातारीला खिडकीतल्या रजया आत घ्यायला विनवायला गेली. तिथे बोलतात फ्रेंच, आणि रोसमारीचं फ्रेंच म्हणजे आनंदच. म्हातारीने वरूनच तोंड सोडलं. "रजयांना हवा दाखवायची ही वेळ आहे! तुमच्या फोटोपायी आम्ही दमट रजईत झोपायचं काय?" शेवटी कॅलेंडर पाठवायच्या बोलीवर रजया आत गेल्या. मग रोसमारी पुलावरच्या दगडी संताशेजारी रुमाल धरून उभी राहिली.

"बाहेर!"

ती बाहेर आली. संत तिथेच राहिला. आपणही दगडाचेच असतो तर बरं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मुर्टनला दुसऱ्या दिवशी याहून वाईट झालं. तटावरून छपरं आणि मागे तळं, असा फोटो झाला, "बाहेर!" झालं, आणि एर्विन सामान आवरत असताना एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. हातात डबीएवढा कॅमेरा. आमचा फोटो काढाल का? एर्विन खूश. कुणी विचारलं की तो नेहमीच खूश व्हायचा.

"या, असे उभे राहा. जवळ या की जरा, लाजताय काय! हं. तुम्ही टोपी काढा, डोळे झाकले जातायत. हसा आता. वा, छान दिसताय!"

रोसमारी तटाच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. एकतीस वर्षांत तिने त्याच्या तोंडून "जवळ या" ऐकलं नव्हतं. कॅमेऱ्यामागून तर नाहीच. आणि त्या कोण कुठल्या पोरीला "छान दिसताय"! तिने रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली.

नंतर वेशीजवळच्या हॉटेलात दोघांनी सायीचा केक घेतला. तिने दोन घास खाऊन चमचा ठेवला.

"काय गं, केकला चव नाही का?" एर्विनने विचारलं.

"केकला आहे."

एर्विनने यावर बराच विचार केला. मग आपली ताटली तिच्याकडे सरकवली. "माझा घे. माझ्यात साय जास्त आहे."

हा असा माणूस. याच्यावर धड रागावताही येत नाही. तिने त्याचाही केक खाल्ला, आणि रडू आलं नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ते ट्रूबच्या वरच्या अंगाला, रेस हाबेगरच्या घरी पोचले. घर म्हणजे काय सांगू! जमिनीपर्यंत उतरलेलं छप्पर, त्याखाली खिडक्यांच्या तीन ओळी, प्रत्येक खिडकीत लाल फुलांचा पूर, अंगणात लिंडनचं जुनं झाड. एर्विनने गाडीतूनच "आहाहा" केलं. मग तो खाली उतरला आणि त्याचा चेहरा पडला. घराच्या ऐन पुढ्यात, चित्राच्या मधोमध, उकिरडा होता.

आता उकिरडा असला तरी हाबेगरचा. ताणलेल्या दोरीने आखल्यासारखा चौकोनी, छातीएवढा उंच, आणि कडेकडेने पेंढा वळवून वळवून चारी बाजूंनी घट्ट वेणी घातलेली. एक काडी बाहेर नाही. रेस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उभा सोट म्हातारा, दाताळं टेकून शेजारीच उभा होता. त्याची बायको बेथली बाकावर सफरचंदं सोलत होती.

आणि आमचा एर्विन, आयुष्यभर याच मुलखात हिंडलेला माणूस, काय म्हणाला असेल? म्हणाला, "हे जरा झाकता येईल का? गाडीत ताडपत्री आहे माझ्या."

बेथलीची सुरी थांबली. तिने डोळे मिटून घेतले.

"काय झाकायचं?" रेसने शांतपणे विचारलं.

"हे... खत."

"असं. मास्तर, घर माझ्या पणजोबाने बांधलं. झाड आजोबाने लावलं. फुलं हिची. आता या सगळ्यात माझ्या हातचं काय आहे, सांगा बघू? सकाळ-संध्याकाळ साठ वर्षं वेणी घालतोय मी. समोरच्या डोंगरावरून लोक हा बघतात आणि म्हणतात, हाबेगरचं बरं चाललंय. आणि तुम्ही ताडपत्री घालताय त्याच्यावर? मेला नाहीये तो!"

"तसं नाही हो. कॅलेंडर लोक स्वयंपाकघरात लावतात..."

"मग? त्यांच्या स्वयंपाकघरात दूध काय नळाला येतं?" रेसने दाताळं आपटलं. "उकिरडा नाही तर फोटो नाही. निघा."

एर्विनने डोंगराकडे पाहिलं. कड्याची सावली उतारावरून खाली सरकायला लागली होती. अर्धा तास, फार तर. आजवर अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. त्याने रोसमारीकडे पाहिलं.

रोसमारी पुढे झाली. पण खरं सांगायचं तर तिला कुणाची समजूत घालायची नव्हतीच. ती मघापासून ती वेणीच बघत होती. "कोपऱ्यावर कशी वळवता हो ही?" तिने विचारलं. "माझा रविवारचा वेणीचा पाव टोकाला हटकून सुटतो."

रेस तिच्याकडे बघतच राहिला. "टोकाला सुटतो म्हणजे तुम्ही ओढता कमी," तो म्हणाला. "काडी आधी आत दुमडायची. हे असं. मग गुडघ्याने दाब द्यायचा. पावाला गुडघा नका लावू म्हणजे झालं."

"लावून बघते," रोसमारी म्हणाली. बेथली खुसखुसली. रेसलाही हसू आलं आणि त्याने ते मिशीत दडवलं. "काढा म्हणावं फोटो तुमच्या मालकांना. पण हा आत पाहिजे."

एर्विन विचार करत होता. एकदा घराकडे, एकदा उकिरड्याकडे, मग बायकोकडे. आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"रोसमारी! तुझं ते लाल जॅकेट आण बघू."

ती गर्रकन वळली. "लाल? लाली मारेल ना?"

"लाकडावर नाही मारत. आण, आण, ऊन चाललंय!"

साठीची बाई गाडीकडे पळत गेली. आरशात बघून केसांवरून हात फिरवला, जॅकेट चढवलं, ओठ दाताखाली दाबून जरा लाल केले. शेवटी सुचलं म्हणायचं! शेवटच्या फोटोला का होईना. परत येताना तिने हातरुमाल काढला, तर एर्विन म्हणाला, "रुमाल नको. हात मोकळे सोड." रुमाल नको! तिने तो खिशात कोंबला. डोळे भरून यायला लागले, तर तिने स्वतःलाच दटावलं, आता रडलीस तर फोटोत नाक लाल येईल.

"कुठे उभी राहू?"

"तिथे. उकिरड्यापुढे."

ती उभी राहिली. एर्विन कापडात शिरला.

"थोडी डावीकडे," कापडातून आवाज आला. "अजून. जॅकेटची बटणं काढ, पसरू दे जरा. हात कमरेवर ठेव. कोपरं बाहेर काढ, अजून. हां! आता जवळजवळ झाकला गेला."

रोसमारी तशीच उभी राहिली, कोपरं बाहेर काढून. "काय झाकलं गेलं?"

"उकिरडा!" एर्विन आतून खुशीत म्हणाला.

गोठ्यात एका गाईने घंटा वाजवली. रोसमारीने जॅकेटची बटणं एकेक करून लावली, वरपासून खालपर्यंत. मग सरळ कॅमेऱ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "बाहेर!" आणि चालत बाहेर आली.

रेस खो खो हसला. "गप रे मेल्या!" बेथलीने त्याला दटावलं आणि सफरचंदांचं भांडं खाली ठेवून बाकावर जागा केली. रोसमारी तिथे बसली, आणि दोन दिवस गिळलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं.

एर्विन कापडातून निघाला, केस उभे राहिलेले. "अगं, ऊन चाललंय."

"जाऊ दे."

"पण तू तर... काय झालं तुला?"

"काय झालं? एकतीस वर्षं झाली, ते झालं! ऊन, वारा, थंडी, मी मधे उभी राहते आणि तू म्हणतोस, बाहेर. चाललं. माझं काही म्हणणं नाही. पण ती झ्बिंडन विचारते, तुम्ही घरीच असता ना? काय दाखवू तिला? एका पानावर मांजर आहे, एर्विन! कुणाचं तरी मांजर आहे, आणि मी नाही. आणि काल त्या मुलीला म्हणालास, जवळ या, छान दिसताय. आणि आज मला आत घेतलंस ते कशाला? शेण झाकायला!"

एर्विन उभाच राहिला. त्याला राग आला नाही, लाजही वाटलेली दिसली नाही. त्याला खरोखरच काहीतरी समजत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"पण तू आहेस की," तो म्हणाला.

"कुठे?"

"सगळीकडे." तो बेथलीकडे वळला. "तुमच्याकडे आमचं कॅलेंडर असेल का?"

बेथली आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर घेऊन आली. त्यावर गाई विण्याच्या तारखा पेन्सिलने लिहिलेल्या होत्या. एर्विन रोसमारीच्या पायाशी गवतात बसला, पान उलटलं आणि गळ्यातलं भिंग तिच्या हातात दिलं.

"हा मार्च. हे कुंड बघ. पाण्याच्या तोटीजवळचा हा एवढाच दगड. दिसतोय? टाकीचे घाव मोजता येतात. आता बाजूचा बघ, तो तेवढा नाही. तुझी दाढ दुखत होती तेव्हा, गालाला फडकं बांधून उभी होतीस तू." त्याने पान उलटलं. "मे. ही पायरी. इथे तुझ्या बुटाची टाच निघाली होती, एका पायावर उभी होतीस. जून. पुढचं गवत जरा मऊ आहे, मागचा डोंगर जरा मऊ आहे, आणि इथे, हे बघ, पातं न पातं. इथे तुला मधमाशी चावली. मी बाहेर म्हणेपर्यंत हलली नाहीस." तो थांबला. "फोटो स्पष्ट कुठे येतो? तू उभी असतेस तिथे. दुसरीकडे कसा येईल? मी बघत असतो तुलाच ना. मला कॅलेंडर उघडलं की तूच दिसतेस गं, पानोपान. इतरांना दिसत नसशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

रोसमारीने भिंग डोळ्याला लावलं. जूनच्या कुरणात, ऐन मधे, हातभर जागा होती. तिथलं एकेक पातं वेगळं दिसत होतं, एका पात्यावरची मुंगीसुद्धा. तिथे कुणीच नव्हतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"गाढवा," ती शेवटी म्हणाली. "हे एकतीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तू विचारलं नाहीस."

बेथली पदराने... पदर कुठला, कमरेच्या फडक्याने डोळे पुसत होती. तेवढ्यात अंगणातून रेस ओरडला, "अहो, तुमचं काय ते मग मिटवा! माझा उकिरडा सावलीत चाललाय!"

मग मात्र धावाधाव झाली. "झाकू नकोस," एर्विन म्हणाला, "शेजारी उभी राहा. वेणी सगळी दिसली पाहिजे." रेसलाही त्याने बोलावलं, पण तो म्हणाला, माझं काम उभं आहे तिथे, तेवढं पुरे. फिल्म दोनच उरल्या होत्या. एर्विन कापडात शिरला, तिच्या वरच्या बटणावर भिंग रोखून स्क्रू फिरवला. मग डोकं बाहेर काढून, सवयीने खाली मान घालून फिल्म चढवली, तार दाबली. खट्.

त्याने मान वर केली. उकिरड्याशेजारी कुणी नव्हतं. रोसमारी कडेला उभी होती, खिशातला रुमाल काढून घडी घालत.

"अगं!"

"अगं बाई!" रोसमारीने तोंडावर हात घेतला. "कापड हललं, आणि माझे पाय आपले निघालेच!"

पहिली फिल्म वाया गेली. सावली लिंडनच्या बुंध्याशी पोचली. एर्विनने शेवटची फिल्म हातात घेतली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकणारा तो माणूस असा काही ओरडला, की गोठ्यातली सगळी गुरं हंबरली.

"आत ये! रोसमारी, आत! आत ये!"

"पाय रोवा, बाई!" बेथली ओरडली.

रोसमारी आत आली. दोन्ही पाय जमिनीत रोवून उभी राहिली. या खेपेला एर्विनने मान खाली घातली नाही. तार हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला, सरळ, काचेशिवाय.

"छान दिसतेस," तो म्हणाला. खट्.

छापखान्यातून फोन आला. फोटोत उकिरडा आहे, ते म्हणाले. आणि एक बाई आहे. "हो," एर्विन म्हणाला, "दोन्ही राहतील," आणि फोन ठेवून दिला. शेवटचंच कॅलेंडर म्हणून त्यांनीही फार ताणलं नाही. हाबेगरकडे दोन प्रती गेल्या. एक दारामागे, आणि एक रेसने बैठकीच्या खोलीत चौकटीत घालून लावली, सप्टेंबर उघडून, बाराही महिने.

नोव्हेंबरात चर्चच्या बायकांची बैठक झाली. रोसमारी लाल जॅकेट घालून गेली आणि कॅलेंडरं वाटली. झ्बिंडनबाईंनी पानं उलटली आणि सप्टेंबरला त्यांचा हात थांबला.

"अय्या! या तुम्हीच ना? आणि हे काय, उकिरड्यापुढे उभं केलं तुम्हाला?"

"पुढे नाही. शेजारी."

"बरं झालं बाई. शेवटी एकदा तरी नेलं म्हणायचं यजमानांनी."

रोसमारीने पर्समधून भिंग काढलं. कॅलेंडर आपल्याकडे ओढून जानेवारी उघडला आणि भिंग झ्बिंडनबाईंच्या हातात दिलं.

"जरा बघा बरं. यात सगळ्यात स्पष्ट काय दिसतंय?"

झ्बिंडनबाई वाकल्या. भिंग इकडून तिकडे फिरवलं. "ही पायरी," त्या म्हणाल्या. "खालून तिसरी. बर्फाचा कण न कण दिसतोय. पण तिथे तर कुणीच नाही."

"मी आहे," रोसमारी म्हणाली, आणि फेब्रुवारीचं पान उलटलं.